बोटभर वाढलेला दंड

माझ्या दंडांबद्दल आजवर जितक्या लोकांनी मत दिलं, तितक्यांनी माझ्या स्वयंपाकाबद्दलही दिलेलं नाही. आणि स्वयंपाक मी खरोखर वाईट करते. तरुणपणी चाळीतल्या बायका म्हणायच्या, पुरुषी दिसतात. हल्ली नातवंडांच्या वयाची पोरं येतात आणि विचारतात, आजी, तीन महिन्यांत किती वाढतील, काय खाऊ, कुठली पावडर घेऊ. मी खरं सांगते. त्यांची तोंडं पडतात. पडू देत. मलाही खरंच सांगितलं गेलं होतं आणि माझंही तोंड पडलं होतं, पण त्या दिवसापासून पुढे मी कुणाच्या बापाला घाबरले नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. आम्ही लालबागला एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो, आई, बाबा आणि मी. थोरली बहीण लग्न होऊन गावी मालवणकडे गेलेली. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. पाळीवरून आले की आंघोळ आणि आंघोळ झाली की सभा, असा त्यांचा दिवस. मी सातवी करून घरी बसले होते. घरी बसणं हा शब्दप्रयोग ज्याने काढला त्याने कधी चाळीतलं घर बघितलं नसणार, कारण बसायला कुणी देत नव्हतं.

परळला दोन गिरण्यांच्या मधल्या गल्लीत एक व्यायामशाळा होती. शेंदूर फासलेला मारुती, तांबड्या मातीचा हौदा, एक मल्लखांब, एक डबलबार, लोखंडी डंबेल्स आणि कोपऱ्यात लाकडी मुद्गलं. सकाळ-संध्याकाळ पुरुषांची गर्दी, दुपारी चिटपाखरू नसायचं. मोर्चाच्या पुढे मुलींचं लेझीम पथक पाहिजे, असं चळवळीतल्या मंडळींच्या मनात आलं आणि त्या रिकाम्या दुपारी मुलींना मिळाल्या. बाबांनी लगेच माझं नाव दिलं. आईने तोंड वाकडं केलं, पण महाराष्ट्राचं काम म्हटल्यावर तिला काही बोलता येईना. लेझमाच्या नावाखाली मी आत शिरले आणि पहिल्याच आठवड्यात मुद्गलाला हात घातला.

शिकवायला गिरगावातून एक बाई यायच्या. तिथल्या एका मुलींच्या शाळेत त्या कवायत शिकवायच्या. नऊवारीचा घट्ट काष्टा, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिटी. आवाज असा की गल्लीतला भंगारवाला आपली हाळी बंद करून थांबायचा. लाड करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एखादी मुलगी छान लेझीम खेळली तर त्या फक्त दुसऱ्या मुलीकडे वळायच्या. तेवढीच शाबासकी.

व्यायामशाळेच्या भिंतीवर एका नामांकित शरीरसौष्ठवपटूचा फोटो होता. अंगाला तेल, हात डोक्यामागे, दंड नारळाएवढे. मला ते दंड हवे होते. का हवे होते ते आज नीट सांगता येणार नाही. नटीसारखे केस हवेत असं वाटणाऱ्या मुलींना कुणी कारण विचारत नाही, मला मात्र सगळ्यांनी विचारलं. मी दिवाळीपर्यंतचा हिशेब मनात धरला होता. पावसाळा गेला की बाहीतून दंड दिसायला लागतील, मग बघू कोण पुरुषी म्हणतं ते. पुरुषी म्हणायला निदान कारण तरी मिळेल.

एक दिवस धीर करून मी बाईंना विचारलं, "बाई, असे दंड मला कधी येतील?"

बाईंनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कधीच नाही," त्या म्हणाल्या.

मी तशीच उभी राहिले. मग त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, त्या ओट्यावर बसल्या आणि मलाही बस म्हणाल्या. "तो पुरुष आहे, तू बाई आहेस. त्याचा देह वेगळ्या मातीचा. त्याच्या घरी दुभती म्हैस असेल, आठवड्याला मटण असेल, दुपारी झोपू देणारी आई असेल. आणि मिसरूड फुटायच्या आधीपासून तो हेच करतोय. एवढं करूनसुद्धा फोटो काढायच्या दिवशी त्याने श्वास रोखून धरला असणार. तुला बाईचा दंड येईल, चांगला येईल. आधी ताकद येईल. ती लवकर येते, तुझी तुलाच कळेल. आकार मागून येतो आणि तो थोडाच येतो. वर्ष-दोन वर्षांत तुझ्या ब्लाउजची बाही उसवावी लागली, तर मला पेढे आणून दे."

"फक्त एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच. बोटभर. नको असेल तर लेझीम खेळ आणि घरी जा."

मला इतका राग आला की मी घरी गेले नाही. त्या बाईंना खोटं पाडायचं म्हणून मी राहिले आणि त्याच दुपारी जोर काढायला घेतले. गुडघे जमिनीला टेकवूनसुद्धा ते निघत नव्हते. दुसऱ्या दिवशी हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हा आईला माझी वेणी घालावी लागली. ती केस ओढत म्हणाली, "लेझमान असा होता?" मी म्हटलं, "नवीन प्रकार आहे." तिने केस आणखी जोरात ओढले.

बाईंचं एक वाक्य खरं ठरलं. ताकद आली. पाऊस संपायच्या आत गुडघे जमिनीवरून उठले. मुद्गल फिरवताना आधी मुद्गल मला फिरवत होतं, आता मी त्याला फिरवू लागले. डबलबारवर नुसतं लटकणं जमत नव्हतं, तिथे अंग वर उचललं जाऊ लागलं. पण दंड जसेच्या तसे. चाळीतल्या आमच्या खोलीत खुंटीला एक हातभर आरसा होता. त्यात मी रोज डावा दंड बघायची, मग उजवा, मग पुन्हा डावा. आरसा खोटा आहे असा मी निष्कर्ष काढला. दिवाळी आली आणि गेली. फराळ करून पोट तेवढं वाढलं.

शेजारच्या एका काकूंनी हिंदमाताजवळच्या एका दुकानातून शक्तिवर्धक चूर्णाची पुडी आणून दिली. पुडीवर सिंहाचं चित्र होतं आणि महिन्याभरात काया पालटेल असं वचन होतं. मी ती लपवून बाईंकडे नेली, कारण त्यांना ती दाखवून त्यांची बोलती बंद करायची होती. बाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवलं. "पिठीसाखर आहे, वेलची बरी लागतेय," त्या म्हणाल्या. "चहात घाल." मग विचारलं, "घरी जेवतेस काय?"

मी यादी सांगितली. सकाळी पेज, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, कधी मांदेली, एरवी सुके बोंबील किंवा जवळा. अंडं आलं तर बाबांच्या पानात. मला वाटलं, बाई आता म्हणतील, मग कसं व्हायचं तुझं. त्या म्हणाल्या, "बोंबलाला नाक मुरडू नकोस. त्यात आहे ते सगळं. पिठी पातळ करतात ती घट्ट करायला सांग. रात्री मूठभर चणे भिजत घाल, सकाळी चावून खा. आणि वेळेवर झोप. दंड तालमीत वाढत नाही, झोपेत वाढतो."

चणे भिजत घालण्याला आईची हरकत नव्हती. पिठी घट्ट करण्याला होती, कारण घट्ट पिठी माणसं मोजून करावी लागते आणि पातळ पिठी पाहुणा आला तरी पुरते. मी भांडले. जेवणावरून भांडणारी मुलगी ही चाळीत लाजेची गोष्ट होती. मुलगे भांडायचे, त्याला भूक म्हणायचे. बाबा मध्ये पडायचे नाहीत, पण बोंबलाचा मोठा तुकडा हळूच माझ्या पानात सरकवायचे आणि भिंतीकडे बघत जेवायचे. मी त्यांना कधी थँक्यू म्हटलं नाही, आमच्याकडे ती पद्धत नव्हती. तो तुकडा मी सगळ्यांच्या समोर, अगदी काट्यासकट चावून खायची.

चळवळ तापली तेव्हा सगळंच विस्कटलं. गोळीबार झाला, संचारबंदी लागली, व्यायामशाळेतल्या लाठ्या पोलीस उचलून घेऊन गेले. गिरण्या बंद राहिल्या की घरात चूल एकदाच पेटायची. भिजवायला चणे नव्हते. बाई गिरगावातून चालत आल्या आणि मला गॅलरीत उभं करून म्हणाल्या, "खाणं अर्धं झालंय ना, मग मेहनतही अर्धी कर. आता वाढायचं मनातून काढून टाक. आहे ते राख." मला ते पटलं नाही. एवढे लोक रस्त्यावर उतरून सगळंच्या सगळं मागत होते, मुंबईसकट, आणि ही बाई मला आहे ते राख सांगत होती. पण गॅलरीत मी अर्धेच जोर काढले, कारण अर्ध्यानंतर डोळ्यापुढे काजवे चमकायचे. दिवस पालटले, गिरण्या सुरू झाल्या, बोंबील परत आले. दंड होते तिथेच होते, कमी झाले नव्हते. बाईंना खोटं पाडायची माझी एकेक संधी अशी हातची जात होती.

मग एका दुपारी, तालमीत पाय ठेवल्याला दोन वर्षं होत आली असतील, मोर्चाला जायचं म्हणून मी ठेवणीतला ब्लाउज काढला. हात बाहीत अर्ध्यावर अडला. मी श्वास रोखून जोर लावला आणि शिवण टर्रकन उसवली. आई चुलीपाशी होती. तिने वळून बघितलं. "काय गो चेडवा, फुगलंस की काय?"

मी आनंदाने रडायला लागले. आईला वाटलं ब्लाउज फाटला म्हणून रडतेय. तिने तो काढून घेतला, शिवणीच्या आत दुमडलेली माया सोडवली आणि बाही बोटभर सैल करून परत माझ्या अंगावर फेकला. दुसऱ्या दिवशी मी परळच्या हलवायाकडून पेढे घेऊन तालमीत गेले. बाईंनी पेढा खाल्ला, दंडावर दोन बोटं दाबून बघितली आणि दुसऱ्या मुलीकडे वळल्या.

त्याच मोर्चात मी पुढच्या रांगेत लेझीम खेळत प्रभादेवीवरून गेले होते. तिथल्या एका घराच्या खिडकीतून एका बाईंनी मला बघितलं आणि चौकशी करत आपल्या मुलासाठी आमच्याकडे मागणी घातली. माणसं आमच्याच गावाकडची, पण त्या बाईंचा नवरा गिरणीतून कचेरीत गेला होता आणि भाषाही गावाकडून कचेरीत गेली होती. मुलगा कारकून. दाखवायचा कार्यक्रम झाला. मुलगा सभ्य होता, नाकीडोळी बरा होता. त्याच्या शर्टाच्या बाहीत त्याच्या दंडाबरोबर आणखी एक दंड सहज राहिला असता, पण मी त्याला नावं ठेवली नाहीत. मला तो आवडलाही असता. आई हरखून गेली होती. कचेरीतला जावई, प्रभादेवीला दोन खोल्या, घरात नळ.

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. साखरपुड्याच्या आधी सुनेच्या दंडात घराण्याची वाकी चढवून बघायची. वाकी चढली की मुलगी घरची झाली, मग तारीख धरायची. मुलाच्या आई वाकी घेऊन आल्या तो दिवस रविवार होता, बाबाही घरी होते. लाल फडक्यात गुंडाळलेली सोन्याची जाड वाकी, फिरकीची. दंडाभोवती बसवायची आणि दोन टोकं जुळवून फिरकी आवळायची. माझी बाही वर सारून त्यांनी वाकी बसवली. टोकं जुळली नाहीत. दोन्हीच्या मध्ये बोटभर फट राहिली.

त्यांनी वाकी फिरवून पुन्हा लावली. मग उजव्या दंडात लावली. मग खोबरेल तेल मागितलं. चाळीच्या गॅलरीत एव्हाना दाराशी बायका जमल्या होत्या. मुलाच्या आई घाम पुसत म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंना बसली, मला बसली, थोरल्या सुनेला तर आत दोन बोटं जायची. असं कधी झालं नाही."

बाबा खाकरले. "सोनाराक दाखवया की. इलुसा जोड देतलो तो."

"छे हो," त्या म्हणाल्या. "या वाकीला आच लावायची नाही. घडवली तशी आहे, तीन पिढ्या." मग त्या माझ्या दंडाकडे बघून विचार करायला लागल्या. नंतर आईला समजावत म्हणाल्या, "लेझीमपर्यंत ठीक होतं. हे तालमीचं वेड कशाला? महिनाभर सगळं बंद करा. अंडी, चणे, बोंबील काही देऊ नका. आपोआप झडेल. मी महिन्याने येते. आणि लग्नानंतर तर आमच्याकडे तो प्रश्नच नाही."

आईने मान हलवली. मी आईकडे बघत राहिले, पण तिने माझ्याकडे बघितलं नाही. लोकांना आठवतात ते मोर्चे, घोषणा, गुलाल. त्या वर्षांतली मला सगळ्यात आधी आठवते ती आईची ती हललेली मान. ज्या बाईला मी मोर्चात लेझीम खेळताना आवडले होते, तिलाच लेझीम उचलणारा हात नको होता, आणि माझ्या आईला ते कबूल होतं.

दुसऱ्या दिवसापासून माझी तालीम बंद झाली. मी आरडाओरडा केला, जेवणावर रुसले. रुसून फायदा नव्हता, जेवण तसंही काढून घेतलंच होतं. दोन वेळा पेज आणि लोणच्याची फोड. मैत्रिणीबरोबर बाईंना निरोप पाठवला की सगळं संपलं. उलट निरोप आला, "महिन्याने काही होत नाही म्हणावं. यायला वेळ लागला तसा जायलाही लागतो. शिवाय घरी आहेस तर घरची कामं कर." मला वाटलं, बाईही उलटल्या.

पण घरी होते तर घरची कामं होतीच. उन्हाळा होता. आमच्या मजल्यावरच्या नळाला धार येत नव्हती, सगळं पाणी खालच्या चौकातून वर आणावं लागायचं. तालमीत जायचे तेव्हा दुपारच्या पाण्यातून माझी सुटका असायची. आता आईने दोन बादल्या माझ्या हातात दिल्या. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन तीन जिने चढताना मला बाईंच्या निरोपाचा अर्थ हळूहळू लागला. मग मी शेजारच्या काकूंचंही पाणी भरायला घेतलं. पलीकडच्या बाळंतिणीचंही घेतलं. चाळीत माझी वाहवा सुरू झाली. लग्न ठरलं की मुलगी कशी शहाणी होते, असं बायका म्हणायला लागल्या.

त्यातच मसाल्याचे दिवस आले. मे महिन्यात वर्षाचा मालवणी मसाला कांडायचा म्हणजे चाळीच्या अंगणात उखळ मांडून दोघींनी समोरासमोर उभं राहायचं आणि आळीपाळीने मुसळ हाणायचं. आमचा मसाला मी आणि आईने कांडला. मिरचीने डोळे लाल, नाक लाल. आमचा झाल्यावर इतर बायकांनी मला बोलावलं आणि आईने मोठ्या अभिमानाने पाठवलं. कुणाच्याच डोक्यात आलं नाही. व्यायाम म्हणजे जे मारुतीसमोर, मातीत, पुरुषांच्या जागेत करतात ते. उखळापुढे करतात ते काम. व्यायामाने दंड वाढतो, कामाने मुलगी नीट वळणावर येते. मी एक अक्षर बोलले नाही. एकेक मुसळ असं हाणत होते की वरून कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, वाकी कांडतेय.

भूक मात्र लागायची. खोटं कशाला सांगू, रात्री रडूही यायचं. पेजेवर तेवढं काम ओढताना अंग तुटायचं. वाढ तर सोडाच, महिना आणखी लांबला असता तर दंडाने माझी साथ सोडली असती हे मला माहीत होतं. पण महिनाच होता. आहे ते राखायचं होतं.

महिन्याने मुलाच्या आई पुन्हा आल्या. बाबा पाळीवर होते. दुपारची वेळ, चाळ सुस्त. आईने त्यांना पाटावर बसवून चहा टाकला. लाल फडकं सुटलं, वाकी माझ्या दंडावर आली. फट तिथेच होती, तेवढीच.

त्यांनी वाकीकडे बघितलं, मग आईकडे. "महिनाभर व्यायाम बंद होता ना?"

"बंद होतो," आई म्हणाली.

"आणि खाणं?"

"पेज."

"मग हे कसं?" असं म्हणून त्यांनी दोन्ही टोकं चिमटीत धरली आणि जोर लावला. कातडी मध्ये सापडली, मी हात ओढून घेतला. दंडावर रक्ताचा ठिपका आला. त्या म्हणाल्या, "आणखी दोन महिने थांबू. या वेळी मीच येऊन बघत जाईन काय खाते ते. सवय मोडायला वेळ लागतो."

मी म्हटलं, "काकू, वाकी सोनाराकडे न्या. त्याला एक दुपार पुरेल. मला हे एवढंसं वाढवायला दोन वर्षं लागली. मी कमी करणार नाही. लग्नाआधी नाही आणि नंतरही नाही."

माझा आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. मुलाच्या आई माझ्याशी बोलल्याच नाहीत. त्या आईला म्हणाल्या, "तालमीचा माज आहे हा. तुम्ही समजवा तिला, नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल."

मी आईकडे बघायचं टाळत होते. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. प्रभादेवीच्या दोन खोल्या, घरातला नळ, कचेरीतला जावई, सगळं मी त्या एका वाक्यात घालवलं होतं, आणि ती हे किती दिवस उगाळणार ते मला दिसत होतं. तरी मला माझे शब्द परत घ्यायचे नव्हते. आई माझ्याजवळ येऊन बसली. तिने माझ्या दंडावरची वाकी काढली, पदराने रक्त पुसलं. मला वाटलं, आता वाकी त्यांच्या हातात देऊन पाया पडेल.

तिने स्वतःच्या चोळीची बाही वर ढकलली. ती सहज जाईना, तिला जोर लावावा लागला. मग तिने वाकी आपल्या दंडाभोवती बसवली. मी माझ्या आईचा दंड त्याआधी कधी नीट बघितलाच नव्हता. काळा, गोल, घट्ट, वर देवीचे व्रण. लग्न होऊन मुंबईला आल्यापासून तिने त्या हाताने पाणी चढवलं होतं, मसाला कांडला होता, आम्हा दोघी बहिणींना कडेवर वागवलं होतं. वाकीच्या टोकांमध्ये माझ्यापेक्षा दुप्पट फट होती.

"मी काय तालमीत जावक नाय कधी," ती शांतपणे म्हणाली. "आता माका किती म्हयने बसवतल्यात घरात?"

मुलाच्या आई पाटावरून उठल्या. त्यांनी वाकी घेतली, फडक्यात गुंडाळली आणि चहा अर्धा ठेवून जिना उतरल्या. आईने बाही खाली केली नाही. तशीच कपबश्या उचलून मोरीत गेली आणि विसळता विसळता मला म्हणाली, "तुझी येळ झाली मा? जा थंय. बाई वाट बघत आसतली."